अद्वयला कुठली सुई द्यायची

…नाही हो काका, पूर्ण भूल तर देतातच, ती वेगळी. मी म्हणतोय ती दुसरी सुई — पोरगं झोपलं की देतात, ती जागा बधिर करायची, म्हणजे उठल्यावर दुखायला नको. तुमच्या नातीलाही देतील. तिचं किडनीचं ना? मग तिला दुसरीकडे देतील, घाबरू नका तुम्ही. मी काय डॉक्टर नाही, एसी रिपेअरिंग करतो डोंबिवलीला, पण हल्ली मोबाइलवर दुसरं काही बघतच नाही. बायको, ती तिकडे टोकाला बसलीय ना, अक्षदा, ती म्हणते, सर्वेश, ठेव तो फोन. कसा ठेवणार? आज सकाळी शीळफाट्याला गाडी अडकलेली, तिथेपण तेच वाचत बसलेलो.

त्याचं काय आहे — माझ्या पोराची, अद्वयची, लघवीची वाट टोकाला नाही, खाली आहे. जन्मापासून. उभ्याने शू केली की सगळी पायावर. सर्जन म्हणाले, एकाच ऑपरेशनमध्ये होईल, बहुतेक. बहुतेक! — जाऊ दे, सुईचं सांगत होतो. दोन प्रकार. एक माकडहाडापाशी देतात, कॉडल म्हणतात तिला, कंबरेखालचं सगळंच बधिर. जुनी पद्धत, कितीतरी पोरांना देतात. दुसरी — त्या जागेला जी नस जाते ना, तिच्यापाशी, दोन्ही बाजूंनी, सोनोग्राफीवर बघत बघत. पाय मोकळे राहतात. आता तुम्ही म्हणाल, मग दुसरीच द्या, विषय संपला. संपतो कुठे? माझा मावसभाऊ सुमित, कळव्याला असतो, औषधं विकतो डॉक्टरांना — तो म्हणतो, येडा झालास का, कॉडल टेस्टेड आहे, प्रयोग आपल्याच पोरावर कशाला? आणि आई? आई म्हणते, कंबरेत सुई नको म्हणजे नको, अक्षदाला सिझरला दिलेली, तेव्हापासून तिची कंबर धरते. घरात नुसता कालवा.

त्यात मी वाचलं काय, तर कॉडल दिलेल्या पोरांचे टाके नंतर जास्त सुटतात, लघवी भलतीकडूनच झिरपते, की परत ऑपरेशन. दुसरीकडे वाचलं, तसं काही नाही, अवघड केसेसना कॉडल दिलेली म्हणून तसं दिसतं. कुणाचं खरं धरायचं? काल भूल देणाऱ्या मॅडमना सगळं विचारलं. अक्षदा मागून शर्ट ओढतेय, मी विचारतोच आहे. मॅडम चिडल्या नाहीत हं. म्हणाल्या, टाक्यांचं अजून ठाम कुणीच सांगू शकत नाही, आणि त्या सुईने कंबर जन्मभर धरते असंही नाही. मग? मग म्हणाल्या, मी दोन्ही प्रकारच्या देते, पण या ऑपरेशनला नसेची बरी वाटते मला, मुलं जास्त वेळ शांत राहतात. बास. जास्त वेळ — तेवढंच ऐकलं मी. म्हटलं, तीच द्या. आणि नाही लागू पडली तर? — तेही विचारलं. तर सलाइनमधून औषध देऊ, म्हणाल्या, दुखत ठेवणार नाही त्याला.

थिएटरचं दार हललं का? …नाही, वॉर्डबॉय होता.

नाही काका, ते नका सांगू. लहान पोरं विसरतात, सगळेच म्हणतात. नाही विसरत. मला आठवतं ना — म्हणजे — आता बोललोच आहे तर. मलापण हेच होतं. गावाला होतो, शाळेतपण घातलं नव्हतं, तालुक्याच्या दवाखान्यात केलेलं. ऑपरेशन आठवत नाही, नंतरचं आठवतं. पट्टी सोडताना एकजण हात धरायचा, एकजण पाय, आणि मी बाबांना हाका मारायचो. बाबा दाराबाहेर. त्यांना बघवायचं नाही. वाईट नव्हते हो, बाहेर उभे राहून रडायचे म्हणे, आईने सांगितलं पुढे. पण मला आतून काय दिसायचं? नुसतं दार. मला होतं एवढं अक्षदाला माहीत आहे, पण हे दाराचं नाही. कुणालाच नाही. तुम्हालाच का सांगतोय, कळत नाही.

आत एकालाच सोडतात, पोरगं उठताना. अक्षदा जाणार. ठरलंय तसं. मीच ठरवलं — आईजवळ पोरं शांत राहतात ना? राहतात की नाही? …असं काय बघताय माझ्याकडे?

थांबा. ऐका. अद्वयच आहे. रडतोय? नाही — ओरडतोय. पाणी मागतोय. शप्पथ, पाणी मागतोय तो, आणि पाय आपटतोय, ऐकू येतंय तुम्हाला? दुखल्याचं रडणं असं नसतं, मला माहितीये ते कसं असतं. आता पप्पा म्हणाला. पप्पा म्हणाला ना?

हो सिस्टर, आमचाच, अद्वय. एकच जण, हो, माहितीये — अगं अक्षदा, थांब. तू बस. मी जातो. काही नाही झालं, रडत नाहीये मी, बस तू. सिस्टर, चपला इथेच काढू? — काका, नंतर बोलू आपण. नाही, नंतर काय बोलायचं, झालं बोलून. अक्षदा, ही पिशवी धर.