मागच्या खोलीतली अठरा बाकं

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या शाळा समितीचे अध्यक्ष. शासनातर्फे शाळेवर देखरेख ठेवणारे आणि आज मुद्दाम आलेले अधिकारी साहेब. सहकारी शिक्षक, पालक, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते शिपाईमामा, सर्वांना मुख्याध्यापिका या नात्याने माझा नमस्कार.

खरं सांगते, मला भीती वाटते आहे. निघताना यजमान म्हणाले, "चार गोड शब्द बोल आणि सरळ घरी ये."

मामांबद्दल काय सांगू? तीस वर्षांत घंटा कधी मिनिटभर चुकली नाही. चहा मात्र कायम पाणचट! हसा, हसा, तेवढाच मला धीर.

साहेब, तीन वर्षांपूर्वी मागच्या खोलीत वेगळं बसणाऱ्या पुलापलीकडच्या वस्तीतल्या मुलांना आपल्याच वर्गांत बसवण्याचा हुकूम आला. तुम्ही दर तीन महिन्यांनी तपासणीला येता. आधी पत्र येतं. त्या सकाळी मामा मागच्या खोलीतून अठरा बाकं ओढत वर्गांत आणायचे. तुमची गाडी फाटकाबाहेर पडली की बाकं मागे, आणि मुलंही मागे. समितीचं तसं म्हणणं होतं. आणि मी? मी मुकाट्यानं अहवालावर सही करायचे.

गेल्या तपासणीला मामांनी काय करावं? बाकं आणली आणि स्क्रू मारून फरशीला पक्की केली! तुम्ही गेल्यावर चौघांनी जोर लावला, एक बाक हलेना. मी म्हटलं, "मामा, हे काय केलंत?"

"बाई, ओढून ओढून कंबर गेली माझी. जाताना एकदा तरी राहू देत ती वर्गात."

आज नऊ दिवस मुलं एकत्र बसताहेत. तिसऱ्याच दिवशी मामांच्या खिडकीची काच फुटली. आणि मघाशी चहाच्या वेळी अध्यक्ष मला हळूच म्हणाले, "उद्या अकराला माणसं येतील बाकं उपटायला. तुम्ही रजा टाका, बाई. तुमची मुलगी एकटीच जाते ना कॉलेजला?"

बसा अध्यक्षमहाराज, संपतच आलं माझं.

मामा, तुमचे आभार मानायला मला तीन वर्षं उशीर झाला. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. माझ्या सहीचे आधीचे अकरा अहवाल मात्र पोटात घालू नका, साहेब. ते खोटे आहेत.

उद्या मी रजा टाकणार नाही. पण त्या माणसांसमोर वर्गाच्या दारात एकटीनं उभं राहायची माझ्यात हिंमत नाही. पत्र न पाठवता, अकराच्या आत याल का?