ब्रश येईपर्यंत दात पडायचा नाही

...नाही, मला सांगा, दात पडायला कुणाची परवानगी लागते का हो? आमच्या घरात लागते. नात माझी सहा वर्षांची, चिमणी म्हणतो मी तिला, आणि तिचे फॉलोअर्स इतके की आमच्या खानदानाच्या सात पिढ्या उभ्या केल्या तरी कमीच पडतील. म्हणजे चिमणी उठली की व्हिडिओ, रुसली की व्हिडिओ, आणि उठताना डोळे नीट चोळले नाहीत तर मोबाइलमागून सूनबाई, "परत एकदा बाळा, नॅचरल हं!" की पोर पुन्हा पांघरुणात. तुम्हाला सांगतो, आमच्याकडे एकेक सकाळ चार-चारदा होते.

तर तिचा पुढचा दात हलायला लागला. मुलानं लगेच एका टूथब्रशवाल्या कंपनीशी ठरवून टाकलं, दात पडणार तो त्यांचा ब्रश हातात असताना. आता ब्रश काही येईना आणि दात काही थांबेना... मग काय, सफरचंद बंद, जिभेनं हलवणं बंद, हसणंसुद्धा बंद. "बाबा, तिला हसवू नका हं, पार्सल वाटेत आहे." अहो, पार्सल वाटेत आहे म्हणून पोरीनं हसायचं नाही? पण मला कोण विचारतो? मला आपलं 'फ्रेममधून जरा बाजूला व्हा' एवढंच सांगतात.

आमच्या घरात मोबाइल शिरत नाही अशी एकच जागा, बाथरूम. तिथं मी वाटीत कवळी धूत होतो. चिमणी आली, ओठ घट्ट मिटून. मला ते बघवेना. मी कवळी हातात धरली, टकटक वाजवली आणि बोळक्या तोंडानं तिच्या आईची नक्कल केली, "पलत एकदा बाला, नॅचलल हं!" पोर अशी हसली, अशी हसली... आणि टुपकन दात बेसिनमध्ये. हसू जागच्या जागी विरलं. दात मुठीत घेऊन मला म्हणते, "आजोबा, परत बसवा ना. तुमचे बसतात की."

तसाच बाहेर आलो, बिनदाताचा, आणि मुलाला-सुनेला असं झाडलं, म्हटलं, लेकरू आहे रे हे, दुकान नव्हे... बोलून झाल्यावर बघतो तर सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आणि हातात मोबाइल. चालू.

आणि माझं ते बोळकं सगळ्या जगानं बघितलं हो! चिमणीला मागं टाकलं मी. म्हटलं, बरं झालं. पोरीला सोडा, तिच्याऐवजी मी बोलतो, रोज बोलतो. मुलगा आधी हसला, मग माझं तोंड बघून हो म्हणाला.

म्हणून मी इथं, तोंडावर हा दिवा घेऊन, तुमच्यापुढं. ती बघा, खिडकीतून दिसतेय, चिखलात बसून सफरचंद खातेय, दाताच्या फटीतून रस गळतोय... अरे ए, तिकडे नको वळवू, माझ्यावर धर. हां. तर सांगत काय होतो, मला आणखी काय हवं? पोर हसतेय, एकदाच हसतेय, पुन्हा हस म्हणून कुणी सांगत नाही. मी आपला दोन घटका बडबडतो, संपलं...

काय रे, काय म्हणतोस?

"बाबा, एक नंबर झालं. फक्त परत एकदा, नॅचरल. आणि कवळी काढून."

...थांब. ती वाटी दे इकडे.