आईशेजारची जागा

थांब. नखानं खरवडू नकोस, चुना आहे तो, बोटं सोलवटतील. — झालं वाचून? वाचता येतं हे आधी सांगायला हवं होतंस. मॉन्ट्रियलहून येणाऱ्यांना फ्रेंच येतं एवढं मला ठाऊक; दगडावरची तुम्हा यहुद्यांची जुनी अक्षरं येतात असं वाटलं नव्हतं. मागल्या वर्षी दोघं भाऊ आले, त्यांना नव्हती येत. दगड दाखवला, हात ठेवला, रडले, गेले. — काय निघालं? योसेफ. हं. योसेफच आहे तो, चांदीकाम करणाऱ्या मखलूफचा चुलता. तुझी पणजी यामना म्हणून मी दाखवली, आणि हा बाप्या. दिसतंय मला. आंधळा नाही मी.

बस खाली. त्या कट्ट्यावर बस, तिथं सावली आहे. चहा निवतोय, घे आधी. पुदिना माझ्याच वाफ्यातला आहे. — नाही, आजीला एवढ्यात फोन लावू नकोस. तिथं आता सकाळ, नर्स अंग पुसत असेल तिचं. पुसू दे. डॉक्टरांनी किती सांगितलेत म्हणालीस? पंधरा दिवस. आणि तिला इथं पुरायला आणायचे वकिलातीचे कागदही झाले. हुशार आहात तुम्ही लोक, माणूस जिवंत असताना कागद तयार. — रागावू नकोस. मी असाच बोलतो. माझी बायको म्हणायची, हम्मूच्या तोंडात जीभ नाही, कानस आहे. तू आलीस ते जागा बघायला. तुझ्या आजीला, फ्रेहाला, इथं यायचंय, आईच्या शेजारी. जागा राखून ठेवतो म्हणून कबूल मीच केलंय. नाकारत नाही.

तर ऐक. मला ही अक्षरं येत नाहीत, बापालाही येत नव्हती. मला अक्षर म्हणजे चुना धरणारी खाच. दर वर्षी तुमच्या सणाआधी दोन हात द्यायचे, असं बापानं शिकवलं, मी देत आलो. खाचा बुजल्या त्या चुन्यानंच. मग कुणाची कबर कुठली, हे कसं कळायचं? चालून. बाप मला फाटकापासून चालवायचा आणि नावं म्हणून घ्यायचा. अंजिराच्या झाडापासून पहिला इहया, मग त्याची सून, मग ते जुळे, मग हनिना. चुकलो की परत फाटकापाशी. तीनशे अकरा नावं मी झोपेत म्हणतो. यामना खालून दुसऱ्या ओळीत, फाटकाकडून सातवी. तिच्या अलीकडे सुलताना, पलीकडे मोकळी जागा. — मोकळी होती, हो. फ्रेहा ट्रकमध्ये बसून गाव सोडून गेली तेव्हा सोळा वर्षांची. बापाला म्हणाली, चाचा, आईकडे बघा. बापानं छातीवर हात ठेवला. आमच्यात तेवढं पुरतं.

खालून दुसरी ओळ कुठं? हेच विचारणार तू, मला माहीत होतं. ऊठ, बघ इथून. दिसते तुला खालची ओळ? नाही ना. आता ती दरड दिसते, तिथून पुढं पूर्वी आणखी चाळीस पावलं जमीन होती. नदी अकरा महिने कोरडी असते, पोरं चेंडू खेळतात तिच्यात. सोळा वर्षांपूर्वी डोंगरावर पाऊस झाला, इथं थेंबही नव्हता, मी भर दुपारी वाफ्याला पाणी घालत होतो — आधी आवाज आला, मग भिंत गेली, मग ओळी गेल्या. दगड बुडाले. मी काय करणार होतो? उभा राहिलो. हातात पाण्याचा डबा, समोर नदी, आणि मी उभा.

पाणी उतरल्यावर तीन दिवस मी खाली होतो. फावडं आणि घमेलं. सापडलं ते वर आणलं. — आता विचारू नकोस, पोरी. कुणाचं कोणतं, हे कसं कळणार? नावं मला पाठ होती, ती सगळी ओळीनं तोंडात येत होती, आणि हातात जे होतं त्याला नाव नव्हतं. विचारायला गावात तुमचं कुणी उरलेलं नव्हतं, शेवटचा मखलूफ, तोही मरून दोन वर्षं झाली होती. म्हणून वरच्या भिंतीपाशी एकच खड्डा खणला. सगळ्यांना एकत्र ठेवलं. बायका, बाप्ये, पोरं. वर चार शब्द म्हणालो, आमचेच, मुसलमानाचे. दुसरे येत नाहीत मला. ते चालतं की नाही, आजपर्यंत कुणाला विचारायची छाती झाली नाही. — चालतं म्हणतेस? तुला काय कळतं. पण बरं. म्हणालीस ते बरं.

खोटं का बोललो? बोलणार नव्हतो. आठव्या दिवशी फ्रेहाचा फोन आला, मी म्हटलं, सांगून टाकू. तर ती रडत होती. नवरा गेला होता तिचा त्याच आठवड्यात. मला म्हणाली, हम्मू, आई बरी आहे ना? असंच विचारते ती, मेलेल्या बाईबद्दल, जणू आई आत पीठ मळतेय. मी म्हटलं, बरी आहे. झालं. एकदा बरी म्हटल्यावर पुढल्या वर्षी नदीत गेली कसं म्हणू? मग एका वर्षी ती म्हणाली, शेजारची जागा राख. मी म्हटलं, राखलीय, कुणी मागितली तरी देणार नाही. कोण मागणार होतं?

त्या एकत्र खड्ड्याशेजारी ठेवू म्हणतेस फ्रेहाला? नको. आणू नकोस तिला. तिकडची भिंत मी दगड रचून उभी केलीय, चुन्याखाली चिखल आहे. पुन्हा पाऊस झाला की तीही जाईल. माझे गुडघे गेले, मुलगा कासाब्लांकात बस चालवतो, तो यायचा नाही. जी माझ्या हवाली होती ती मला राखता आली नाहीत, आणखी एक कशाला? तिथं तिला तुम्ही आहात, नाव कोरलेला दगड मिळेल. — येऊ नकोस म्हणून मी सांगू? मी काय सांगू तिला? आईचं सांगू नका म्हणतेस. बरं, ते नाही सांगत.

वाजतोय. तीच? उचल. — मला नको देऊस. ऐकू येतंय मला, हम्मू आहे का विचारतेय. आण इकडे.

फ्रेहा. हो, मीच. आलीय तुझी नात, चहा पितेय. तुझ्यासारखीच आहे, सांगितलेलं ऐकत नाही. — हो. — हो, बरी आहे आई. — नाही, ऐक. जागा नाही, फ्रेहा. जागा नाही. मी दिली नाही कुणाला. नाही, एवढंच. तू तिथंच राहा.

घे. तुला बोलवतेय, मला नाही. रस्त्यावर जाऊन बोल, इथं आवाज नीट येत नाही. जा. मला फाटक लावायचंय.