उकिरडा नसलेली वसाहत

हंबीरराव : थांबीव, थांबीव गड्या टांगा! ह्यांच्या तरी परसात हाय का बघतो.

लालासाहेब : पावणं, हा सातवा बंगला. दर फाटकाला असं उतराय लागला तर माझ्या घोडीला वाटंल, आज टपाल वाटायचं काम लागलंय. बघताय तरी काय?

हंबीरराव : उकिरडा. उकिरडा कुठं घालत्यात ही माणसं?

लालासाहेब : उकिरडा? ह्या नव्या वसाहतीत?

अंबूबाई : हसू नगंस बाबा. आमच्या विट्याकडं लेकीला घर बघायचं म्हंजी आदी उकिरडा बघत्यात. उकिरडा उंच तर जनावरं रग्गड, जनावरं रग्गड तर रान रग्गड. ह्यो माझा धाकला भाऊ, हंबीर. भावकीतल्या नऊ पोरी त्येनं उकिरडं बघूनच दिल्यात.

हंबीरराव : अन् एक घर चुकलं न्हाई, आक्का. आता धावी माझी अंजना.

लालासाहेब : म्हंजी सुभेदारांच्या घरी जायचं ते त्येंच्या नाथाजीला लेक द्यायला व्हय? आवं, ठेसनावर टांग्यात बसतानाच बोलायचं की! चला, आता सगळी वसाहत फिरवून दावतो. वरचं भाडं नगं. ही रुंद सडक बघा. दोन टांगं शेजारी पळवा, चाकाला चाक घासत न्हाई. पंधरा वर्सांमागं हितं नुसता माळ हुता, दिवसा कोल्ही फिरायची. आता सांगलीत ज्येचं बरं चाललंय त्यो म्हनतो, गावात दुकान अन् माळावर बंगला.

अंबूबाई : ह्यो पिवळा कुनाचा?

लालासाहेब : नेमिनाथ शेठजींचा. हळदीचं व्यापारी. त्येंची पेवं तिकडं हरिपुरात, हळदीनं गच्च भरल्याली. हितं निस्ती हवा खायला येत्यात. त्येच्या शेजारी वकील, त्येच्या पल्याड मिरजेचा डाक्टर.

हंबीरराव : हवा खायला एवढं मोठं घर! अन् म्होरं गवात बघ की आक्का, कसं हिरवंगार राखलंय. म्हस परसात असंल.

लालासाहेब : म्हस न्हाई. दूध रतिबाचं येतंय.

हंबीरराव : मंग गवात कुनाला?

लालासाहेब : कुनाला न्हाई. माळी पानी घालून वाढीवतो, वाढलं की कापतो, अन् टाकून देतो.

हंबीरराव : टाकून देतो! आक्का, ऐकलंस? टांगा वळीव रं. असल्या येड्यांत मी माझी लेक देत न्हाई.

अंबूबाई : वळवायचा न्हाई टांगा. लालासाहेब, चालू दे तू.

हंबीरराव : आगं, रहिमतपूरच्या स्थळाला उद्या सकाळी शब्द द्यायचाय. त्येंचा उकिरडा बघितलास? मानूस उभा ऱ्हायला तर पल्याडनं फेटा दिसत न्हाई. सोळा जनावरं, वीस एकर ऊस. अन् हितं काय? नाथाजी पान्याच्या खात्यात ओवरशेर. पगार. पगार काय खुट्ट्याला बांधता येतुया?

अंबूबाई : मला कशाला आनलंस मंग?

हंबीरराव : आंजीनं हट्ट धरला म्हनून. आत्या गेली तरच तुमी जावा म्हनली.

अंबूबाई : अन् माझ्या कानात काय म्हनली ठावं हाय? म्हनली, आत्या, अप्पा परस बघत्याल, तू घर बघ. तवा आता गप बस, मी इचारते. लालासाहेब, सुभेदारांच्यात पानी कुठनं आनत्यात?

लालासाहेब : आनत्यात कुठनं? नळ हाय. सैपाकघरात येक, न्हानीत येक.

अंबूबाई : घरात? चुलीपशी?

लालासाहेब : चुलीपास्नं दोन पावलांवर, मावशी.

अंबूबाई : अन् दळप?

लालासाहेब : कोपऱ्यावर गिरन हाय. डबा पाठवायचा, पीठ घरी येतंय. जातं बघितलं न्हाई मी कुनाच्यात.

अंबूबाई : जातंच न्हाई... म्हंजी गानं बी न्हाई. तेवढं मातर जाईल बघ पोरीचं. पहाटंची माझ्या मांडीशी बसून शिकलीया सगळं.

हंबीरराव : आता कसं बोललीस!

अंबूबाई : माझं झालं न्हाई अजून. लालासाहेब, हितल्या बायका येकमेकीकडं जात्यात का? का आपआपल्या फाटकाच्या आत?

लालासाहेब : चंदनबाला वैनी हायत न्हवं, शेठजींच्या! त्येंच्या वसरीवर रोज दुपारी धा-बारा जनी. येक शिवनाची मशीन, अन् येकीनं पेपर वाचायचा. सुभेदारीनबाई सगळ्यांत म्होरं. सांजच्याला टांग्यात बसल्या की एवढ्या हसत्यात, घोडी कान मागं वळीवती.

अंबूबाई : हसत्यात म्हनतोस?

लालासाहेब : तेरा वर्सं टांगा हाकतोय, मावशी. मानूस घरी कसं ऱ्हातंय ते टांग्याच्या मागच्या बाकावर कळतंय.

हंबीरराव : हसून पोट भरतंय व्हय?

अंबूबाई : हंबीर, माझं स्थळ आबांनी काय बघून ठरीवलं?

हंबीरराव : सगळ्या पंचक्रोशीला ठावं हाय. तुझ्या सासऱ्याचा उकिरडा! आबा दोन येळा चढून आलं हुतं त्येच्यावर.

अंबूबाई : त्यो वाढीवला कुनी?

हंबीरराव : म्हंजी?

अंबूबाई : शेन आपल्या पायानं चालत जातं व्हय उकिरड्यावर? तुझ्या दाजींच्या दावनीला चौदा जनावरं. तांबडं फुटायच्या आदी चौदा जनावरांचं शेन, पाटीवर पाटी, ह्या डोईवरनं. इकडं हात लाव. लाव की, लाजतोस काय! हितं केस येत न्हाईत. चाळीस वर्सं झाली, चुंबळीची जागा हाय ती.

हंबीरराव : आक्का, तू कवा बोलली न्हाईस.

अंबूबाई : बोलले की. रोज बोलले. तू माझ्याकडं मुक्कामाला यायचास तवा जात्यावर म्हनत हुते. तू गोधडीत पडून म्हनायचास, आक्काचा गळा लय ग्वाड.

*बापाजीनं बघितली, दारी बैलांची दावन,*
*लेकीच्या डोईवर, पाटी बघंल गं कोन?*

हंबीरराव : मला वाटायचं, निस्तं गानं हाय.

अंबूबाई : तसंच वाटायचं सगळ्यांला. रहिमतपूरचा उकिरडा मानसाच्या वर गेलाय म्हनतोस. त्या घरात सुना किती?

हंबीरराव : येक हुती. दोन वर्सांमागं वारली, सासू तर त्येच्या बी आदी. आता ह्या धाकल्याचं लगीन करायचंय.

अंबूबाई : म्हंजी सोळा जनावरं, अन् बाईमानूस येक बी न्हाई. आता तूच सांग, त्येंला सून पायजे का पाटी उचलायला हात पायजेत?

लालासाहेब : हो, हो रानी... पावणं, आलं बघा. त्ये निळ्या फाटकाचं. सुभेदारसायब वसरीत हुबं हायत, फेटा-बिटा बांधून. धोतर नीट करा जरा.

अंबूबाई : हंबीर, उतर. बैठक खोळंबलीया. मी मागच्या दारानं बायकांत जाते, नळ बघते, चूल बघते. तू म्होरं जाऊन बस.

हंबीरराव : न्हाई.

अंबूबाई : न्हाई म्हंजी? अजून तुझं रहिमतपूरच चाललंय?

(हंबीरराव उतरून अंबूबाईला हात देतात.)

हंबीरराव : काय बघायचं ते मला कळत न्हाई, आक्का. बैठकीत तू बस. इचारायचं ते तू इचार.

अंबूबाई : मर्दांच्या बैठकीत? सुभेदार काय म्हनतील?

हंबीरराव : मी सांगतो त्येंला, पोरीकडनं बोलनारं मानूस म्हंजी माझी आक्का. चल. म्होरल्या दारानं. मी तुझ्या मागनं येतो.