बेसिनला पाजलेली रम

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे संस्थापक, ज्यांना कागदावर काहीही म्हणत असले तरी आपण सगळे आजोबाच म्हणतो, ते आदरणीय आजोबा, मुख्य व्यवस्थापक साहेब, प्रमुख पाहुणे कान-नाक-घशाचे डॉक्टर, ज्यांना सिरपच्या कारखान्यात निरोपासाठी का बोलावलंय असा प्रश्न मागच्या रांगांना पडलेला मला इथून दिसतोय, सत्कारमूर्ती ताई, बळेबळेच पहिल्या रांगेत आणून बसवलेले त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, आणि बाटल्या धुणाऱ्या विभागापासून हिशेबखात्यापर्यंतच्या माझ्या सर्व बंधुभगिनींनो,

मला बोलायला सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, "थोडक्यात आटप." साहेब, प्रयत्न करतो. पण ताईंच्या शेजारच्या कप्प्यात बसून माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि तिथे बोलायला बंदी होती. तेव्हा आज जरा सैल सुटलो तर समजून घ्या.

चाचणीखोली आत जाऊन पाहिलेली माणसं आपल्यात फार थोडी आहेत. पांढऱ्या भिंती, लाल दिवा, म्हणजे सिरपचा रंग पाहून जिभेनं आधीच मत बनवू नये. समोर एक खिडकी, तिच्यातून नमुन्याचे पेले आत येतात. बाजूला कोमट पाणी, कोरडी बिस्किटं आणि एक उंच पेला, थुंकण्यासाठी. हो, थुंकण्यासाठी. आम्ही दिवसभर गोड चाखतो, पण घशाखाली काही जाऊ देत नाही. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, थुंकायचा आणि चूक सांगायची. कौतुक नाही, चूक. कौतुक करायला जाहिरातवाले आहेत.

या कामात ताईंचा हात धरणारा कोणी नव्हता. मला कारखान्यात साखऱ्या म्हणतात, कारण मला गोडातलं उन्नीस-बीस कळतं. ताईंना सगळंच कळायचं. संत्री कधी तोडली, साखर किती तापवली, टाकी नीट धुतली की नुसती विसळली. टाकी विसळणारे मित्र पाठीमागे बसलेत, ते मान हलवताहेत बघा.

आता मुद्द्यावर येतो. ताईंची परवानगी घेतलेली आहे. त्या म्हणाल्या, "सांग, पण मला देवी करून ठेवू नकोस."

गेल्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकानं मागणी केली. त्यांना असं सिरप हवं होतं की पिणाऱ्याला वाटलं पाहिजे आपण पितोय, आणि तरी गाडी चालवत घरी जाता आलं पाहिजे. चव कसली? तर ओल्ड फॅशन्ड नावाचं एक जुनं, सरळसाधं पेय आहे. व्हिस्की, जराशी साखर, झाडांच्या सालीमुळ्यांच्या कडू अर्काचे थेंब, बर्फाचा मोठा तुकडा आणि वरून संत्र्याची साल. गिऱ्हाइकाला तेच, पण व्हिस्कीच्या जागी रम हवी होती. आणि नक्कल करायची तर आधी अस्सल माल समोर हवा. पण आजोबांनी कारखाना काढला त्याच दिवशी नियम केला, की फाटकातून दारूची बाटली आत येणार नाही. नियम म्हणजे नियम. मग ठरलं, हे पेय कोणाच्या तरी घरी बनवायचं. आणि असल्या बाबतीत भावोजींचं नाव सुचायला कोणाला वेळ लागतो?

भावोजी सुतार. दर शनिवारी संध्याकाळी दुकान बंद केलं की स्वतःच्या हातानं एक व्हिस्कीचा ओल्ड फॅशन्ड बनवायचे आणि त्यातला पहिला घोट ताईंना द्यायचे. इतक्या वर्षांचा शिरस्ता. ताई घोट घ्यायच्या, डोळे मिटायच्या, तोंडात फिरवायच्या, उठून बेसिनमध्ये थुंकायच्या आणि सांगायच्या, "साल जाड कापलीत." पुढच्या शनिवारी साल पातळ. मग, "ढवळलंत कमी." त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी काही. भावोजी हसण्यावारी न्यायचे, पण मला एकदा म्हणाले, "अहो, माझा माल या घरात आजवर फक्त बेसिननं प्यायलाय."

तर एका रविवारी दुपारी मी आणि आमच्या केमिस्टबाई रमची बाटली घेऊन ताईंकडे गेलो. टेबलावर फळी, धारदार सुरी, संत्री. बर्फ फोडायला भावोजींनी नवी कोरी पटाशी काढलेली. पहिला पेला त्यांनी व्हिस्कीच्याच मापानं केला. मी घोट घेतला आणि म्हटलं, "भावोजी, हा तर पाक झाला." ते म्हणाले, "बरोबर आहे. रम मुळातच गोडाकडे झुकते. एका लाकडाची खुर्ची दुसऱ्या लाकडात करायची तर रंधा तसाच मारून कसं चालेल?" मग त्यांनी साखर निम्मी केली, पांढरीच्या जागी तपकिरी घेतली, कडू अर्काचा एक थेंब वाढवला, आणि घुसळलं नाही, चमच्यानं शांतपणे ढवळलं. साल शेवटी पिळायची म्हणून फळीवर कापून ठेवली.

तेवढ्यात ताईंनी पेला उचलला. डोळे मिटले, घोट फिरवला, बेसिनपाशी गेल्या, थुंकल्या आणि म्हणाल्या, "आता संत्र्याची साल बरोबर आलीय."

साल फळीवर होती. अजून पिळलीच नव्हती.

केमिस्टबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फळीकडे पाहिलं. भावोजी घाईघाईनं ती साल उचलून म्हणाले, "म्हणजे, आता घालणारच होतो, तिला अंदाज आहे माझा." माणूस खोटं बोलायला लागला की कसा बोलतो ते मला ठाऊक आहे. ताईंनी डोळे उघडले, त्यांच्या हातातली साल पाहिली आणि खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "राहू द्या हो. साखऱ्या, मला वास येत नाही. तापानंतर गेला तो आलाच नाही."

मित्रहो, जिभेला कळतं ते गोड, आंबट, खारट, कडू असं ठोकळ. संत्रं की लिंबू, रम की व्हिस्की, हे सगळं नाक सांगतं. ताईंकडे ठोकळ तेवढं उरलं होतं. ताप येऊन गेल्यापासून त्या मला म्हणायच्या, "साखऱ्या, आधी तू सांग." मला वाटायचं, आपली बढती जवळ आली! त्या बिचाऱ्या माझ्या उत्तरावर आपलं उत्तर बेतत होत्या. मी विचारलं, "ताई, कोणाला सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या, "सांगून काय सांगू? या नाकाशिवाय मला दुसरं काय येतं रे?" आणि ताई रडल्या. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी बिस्किटांचा डबा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी ताई स्वतः साहेबांच्या खोलीत गेल्या आणि आपलं नाव चाचणीतून काढायला सांगितलं. साहेब, तुम्ही त्या दिवशी त्यांना घरी न बसवता म्हणालात, "आधी डॉक्टरांना दाखवा, नव्या सिरपचं गिऱ्हाईक थांबेल." याबद्दल मी तुमचे जाहीर आभार मानतो. एरवी मी तुमच्याविषयी कँटीनमध्ये काय बोलतो ते सोडून द्या.

इथे आपले प्रमुख पाहुणे कथेत येतात. डॉक्टरांनी तपासलं आणि स्वच्छ सांगितलं, की येईल किंवा येणार नाही, सकाळ-संध्याकाळ ओळखीचे वास हुंगत राहा. ताई लवंग हुंगायच्या, लिंबू हुंगायच्या, कॉफी हुंगायच्या. भावोजी तर दुकानातून लाकडाचा भुसा पुडीत बांधून आणायचे. काही नाही. आम्ही दोघं रविवारी जात राहिलो, कारण अस्सल चव अजून पक्की व्हायची होती, आणि खरं सांगायचं तर ताईंना एकटं सोडवत नव्हतं. दर रविवारी भावोजी रमचा पेला करायचे. ताई घोट घ्यायच्या, फिरवायच्या, थुंकायच्या आणि मान हलवायच्या. त्या घरात हळूहळू कोणी मोठ्यानं बोलेनासं झालं.

आणि एका रविवारी भावोजींचा बांध फुटला. ताई पेला घेऊन बेसिनकडे निघालेल्या. भावोजी पटाशी टेबलावर आपटून म्हणाले, "अगं, वास येत नाही, चव कळत नाही, मग थुंकतेस कशाला? कोणाला रिपोर्ट द्यायचाय तुला? लग्न झाल्यापासून तुझ्यासाठी करतोय. एकदा तरी घशाखाली उतरव की!"

ताई तोंडात घोट घेऊन तशाच उभ्या. आता नवऱ्याशी भांडायचं तर तोंड रिकामं पाहिजे. बेसिन दूर होतं. त्यांनी गिळला.

गिळला आणि थांबल्या. हात वर करून आम्हाला गप्प बसवलं, आम्ही गप्पच होतो तरी. मग म्हणाल्या, "जळलेली साखर." त्यांनी दुसरा घोट घेतला, तोही गिळला. "लाकूड आहे यात. अहो, लाकूड!" रम लाकडी पिंपात मुरते, लाकूड असणारच. पण भावोजी आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "मी हात धुतले होते गं." आणि आमच्याकडे पाठ करून संपलेला बर्फ फोडायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. केमिस्टबाई उघड उघड रडत होत्या. मी माझं सांगत नाही.

डॉक्टरांनी नंतर समजावलं, की वास नाकाच्या मागच्या दारानंही येतो. घोट गिळून श्वास सोडला की तो घशातून वर चढतो, आणि काही माणसांत पुढचं दार बंद असलं तरी मागचं किलकिलं असतं, पण त्यातून वरणभाताचा वास शिरत नाही, रमसारखं जहाल काहीतरी लागतं. आता मला सांगा, हे दुसऱ्या कोणाच्या बाबतीत झालं असतं का? जगातला कोणीही माणूस पेला हातात आला तर गिळतो. गिळायचंच विसरलेली माणसं फक्त आमच्या खात्यात सापडतात.

पुढे ताईंना रोज काही ना काही परत मिळत गेलं. एक दिवस कॉफी, एक दिवस साबण. त्या कामावर परतल्या, आम्ही कारखानाभर बिस्किटं वाटली, आणि नव्या सिरपच्या अखेरच्या चाचणीचा दिवस आला.

आमच्याकडे एक रीत आहे. अखेरच्या चाचणीत एका पेल्यात मुद्दाम खोट घालतात. चाखणाऱ्याला ती सापडली तरच त्याची सही चालते. त्या दिवशी केमिस्टबाईंनी एका पेल्यात शिळ्या सालीचं तेल घातलं होतं. मला ते पेला जवळ आणताच कळलं. ताईंनी तोच पेला घेतला. आता त्यांना थुंकून भागत नव्हतं, म्हणून थोडा गिळला. डोळे उघडले आणि म्हणाल्या, "छान आहे."

ताईंच्या तोंडून हा शब्द त्या खोलीत कोणी कधी ऐकला नव्हता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि आमच्या चेहऱ्यांवरून त्यांना कळलं. त्यांनी पेला खाली ठेवला. मला म्हणाल्या, "मला चव येते रे, पण चूक सापडत नाही." त्याच पावली साहेबांकडे गेल्या. साहेबांनी खूप समजावलं. नुसती सही करा, पोरांना शिकवा, खुर्ची तुमचीच. ताई म्हणाल्या, "जिला सगळं छान लागतं तिनं त्या खुर्चीवर बसू नये. लोक पैसे देऊन पितात." मुदतीआधी निवृत्ती का, असं पुष्कळांनी मला विचारलं. त्याचं उत्तर एवढंच आहे. ते सिरप माझ्या सहीनं बाहेर पडलं.

ताई, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. वाटलं, दैवानं दिलं तेही अर्धंमुर्धं. पण गेल्या रविवारी तुमच्याकडे आलो होतो. आता कामाचं काही निमित्त नव्हतं. भावोजींनी रमचा पेला केला. मी घोट घेतला. साखर जास्त झाली होती, अंमळ नव्हे, चांगलीच, आणि सालीबरोबर पांढरा भाग आल्यानं मागे कडवटपणा राहत होता. मी तोंड उघडणार, इतक्यात भावोजींनी तुम्हाला विचारलं, "कसं झालंय?" आणि सवयीनं बेसिनवरचा दिवा लावायला उठले. तुम्ही पाय खुर्चीवर घेऊन निवांत बसलेल्या. रिकामा पेला पुढे करून म्हणालात, "अजून आहे का?"

भावोजी दिव्याच्या बटणावर हात ठेवून उभेच राहिले. त्यांचा तो चेहरा मी पाहिला आणि माझा शेरा माझ्यापाशीच ठेवला.

ताई, उद्यापासून तुमच्या कप्प्यात मी बसेन आणि चुका काढीन. त्याची काळजी करू नका. तुम्ही घरी भावोजींच्या हातचं पीत जा.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, साहेबांनी फक्त दोनदाच घड्याळ पाहिलं, सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाचं गुपित फुटलं असेल, तर ते उदार मनानं पोटात घाला, आणि मला खाली बसायची परवानगी द्या.