जेवण कसं होतं?

दत्तराव : ...त्या पत्राला मी उत्तरच दिलं नाही, प्रिया. उन्हाळ्यात आलं होतं. रोज म्हणायचो, आज लिहू. आणि रोज राहायचं.

संघप्रिया : कोणतं पत्र? आबा, मी इथं तुमचा मानवत गावच्या मिसळीचा लेख ब्लॉगवर चढवायलेय, अन् तुमी मधूनच हे काय काढलं?

दत्तराव : सोनपेठचं पत्र. स्टँडसमोरच्या खानावळीचं. मिसळ राहू दे आज. ते उत्तर गेल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या ताटाबद्दल लिहावं असं मला वाटत नाही.

संघप्रिया : थांबा. कस्तुराबाईची खानावळ? जिच्या फळ्यावरच तुमी सगळा लेख लिहिला ती?

दत्तराव : सगळा नाही.

संघप्रिया : सगळाच. टाइप मी केला, मला पाठ हाय. "दाराशी फळा. फळ्यावर खडूनं लिहिलेलं : स्पेशल थाली, स्पेशल पिठलं, स्पेशल ठेचा, स्पेशल ताक. सगळंच स्पेशल, तर साधं जेवायला माणसानं जावं कुठं?" लय फिरला तो लेख. आमच्या बँकेत सायबांनी मलाच पाठवला. माझाच आबा म्हणून ठावं नव्हतं त्यांना.

दत्तराव : तेच म्हणतो. एवढा फिरायला नको होता. सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. पुस्तक द्यायचं, पुस्तक घ्यायचं, बोलायचं नाही. लोक माझं काही वाचतात, वाचून हसतात, हे म्हातारपणी पहिल्यांदाच झालं. गोड लागलं मला ते. कबूल करतो.

संघप्रिया : पत्र कुठाय?

दत्तराव : शब्दकोशात.

संघप्रिया : एवढ्या जाड शब्दकोशात कुठं?

दत्तराव : फ मध्ये. फळा.

संघप्रिया : तुमचं पण काय की! हं, सापडलं. (पत्र उलगडून वाचते) "दत्तराव सर यांना शिवकन्याचा नमस्कार. मी कस्तुराबाईची सून. तुमचा लेख एका कंडक्टरनं मोबाईलवर दाखवला. तो फळा मीच लिहीत होते. बारावी झाल्यावर लग्न झालं, मग लिहायचं म्हणून तेवढंच राहिलं होतं. सकाळी हौसेनं लिहायचे. तुम्ही शिकलेले आहात, तुमचं बरोबरच असेल. फळा पुसून टाकला. आता गिऱ्हाईक दारातून विचारतं काय काय हाय, अन् सासूबाई चुलीपासून वरडून सांगतात. काहीजण तोवर शेजारच्या हॉटेलात शिरतात. त्याचं काही नाही. एकच विचारायचं होतं. तुम्ही जेवलात. मीच वाढलं. पण जेवण कसं होतं ते तुम्ही कुठंच लिहिलं नाही. सासूबाईंना वाचता येत नाही. त्या सारख्या विचारतात, त्या मास्तरला आवडलं न्हाई का गं? मी त्यांना काय सांगू?"

दत्तराव : ठेव ते खाली.

संघप्रिया : आबा, एवढं वाचून तुमी गप बसलात?

दत्तराव : गप कुठं बसलो? लिहायला बसलो होतो. कितीदा तरी. "जेवण उत्तम होतं" लिहिलं. उत्तम म्हणजे शाळेच्या प्रगतिपुस्तकातला शेरा वाटला. खोडलं.

संघप्रिया : मग चविष्ट लिहायचं.

दत्तराव : मसाल्याच्या पुडीवर असतं ते.

संघप्रिया : अप्रतिम?

दत्तराव : ते तू परवा तुझ्या मैत्रिणीच्या, भक्तीच्या चपलेला म्हणालीस.

संघप्रिया : चांगली होती चप्पल! बरं, लय भारी?

दत्तराव : माझ्या तोंडी? लोक म्हणतील, म्हातारा चेकाळला.

संघप्रिया : मग, चव जिभेवर रेंगाळली?

दत्तराव : जिभेवर काही रेंगाळत असेल तर माणसानं आधी चूळ भरावी.

संघप्रिया : हसवू नका मला. मी चिडलेय.

दत्तराव : चिड. चिडायलाच पाहिजे.

संघप्रिया : अन् स्वतः तुमी दर लेखात चार-चार ‘किंबहुना’ घालता, त्याचं काय? मी हळूच काढून टाकते, तुमाला पत्ता बी नसतो.

दत्तराव : काढून टाकतेस?

संघप्रिया : दरवेळी. इकडं बगा आबा. तुमाला एकेक शब्द खुपला, तुमी एकेकाला हाकलून दिलं. आता ती बाई दारात येऊन विचारायलीय, तर तिच्या हातावर ठेवायला घरात एक शब्द शिल्लक न्हाई.

दत्तराव : हो.

संघप्रिया : हो काय?

दत्तराव : खरं आहे म्हणून हो. लेखाचंही तसंच झालं होतं. जेवणाचा परिच्छेद होता त्यात. खोडत गेलो, खोडत गेलो, संपला. फळ्याचा तेवढा राहिला. नावं ठेवायला शब्द लगेच सापडतात, प्रिया. त्यांची लाज वाटत नाही.

संघप्रिया : बरं, शब्द राहू द्या तिकडं. त्या दिवशी झालं काय, ते मला सांगा. एस.टी.तून उतरलात, अन्?

दत्तराव : ऊन फार होतं. आत जाऊन कोपऱ्यात बसलो. त्या मुलीनं ताट मांडलं. पिठलं, ज्वारीची भाकर, कांदा, ठेचा. मी किती खातो, तुला ठाऊक आहे.

संघप्रिया : ठाऊक न्हाई तर काय? साक्षीताईच्या लग्नात वाढपी लांबून दिसला की तुमचा हात ताटावर आडवा. पंगतीत तुमचं ताट कुणाला दिसलंच न्हाई. हातच दिसला.

दत्तराव : संकोच वाटतो. आपल्यामुळं कुणाला वाकावं लागतं. पण त्या दिवशी ती दुसरी भाकर घेऊन आली, तव्यावरची, वाफा निघत होत्या, आणि माझा हात काही वर आला नाही.

संघप्रिया : म्हणजे?

दत्तराव : म्हणजे मांडीवरच राहिला. तिनं वाढली, मी खाल्ली. पुन्हा आली, पुन्हा वाढली. तेव्हा चुलीपासून त्या बाई म्हणाल्या, "वाढ गं, पाव्हणा लाजरा हाय, पर हात आडवा करीना." मी ऐकलं. मान वर केली नाही. पिठल्यात भाकर कुस्करत राहिलो. आणि मग... हे लिहू नकोस कुठं.

संघप्रिया : काय ते?

दत्तराव : मग मी मागितली. तोंडानं. "अजून चतकोर द्या" म्हटलं. तुझी आजी गेल्यापासून मी कुणाकडं भाकर मागितली नव्हती गं.

संघप्रिया : (डोळे पुसत) आबा...

दत्तराव : रडायला काय झालं?

संघप्रिया : काही न्हाई. हेच लिहायचं, आबा.

दत्तराव : हे? पण यात जेवण कसं होतं, ते कुठं आलं?

संघप्रिया : शिवकन्या वाचून दाखवंल अन् कस्तुराबाई ऐकतील. जल्म गेलाय त्यांचा वाढण्यात. हात आडवा केला न्हाई म्हटलं की पुढचं त्यांना सांगावं लागणार न्हाई.

दत्तराव : बरं. मग कागद दे. पाकिटात घालतो, उद्या टपालात टाकतो.

संघप्रिया : वा! बोललात चारचौघांत, अन् उत्तर पाकिटात? ब्लॉगवरच टाकू.

दत्तराव : लोक हसतील माझ्या चतकोराला.

संघप्रिया : तिच्या फळ्याला हसले, तवा चाललं तुमाला.

दत्तराव : तू आजीवर गेलीस. ...बरं. घे लिहून. "शिवकन्याबाई, नमस्कार. तुमच्या पत्राला उत्तर द्यायला विलंब..." नको. उशीर?

संघप्रिया : उशीरच.

दत्तराव : "उशीर झाला. तुमच्या फळ्यावर मी नको तेवढं लिहिलं आणि जेवलो ते लिहिलं नाही. मी परक्या पंगतीत पहिल्या वाढीलाच ताटावर हात आडवा धरणारा माणूस. तुमच्याकडं धरला नाही. शेवटची चतकोर भाकर तर मी मागून घेतली, हे सासूबाईंना सांगा. फळा पुन्हा लिहा. किंबहुना..."

संघप्रिया : आबा.

दत्तराव : काढ. "फळा पुन्हा लिहा. तुम्हाला आवडतील त्या शब्दांत लिहा."

संघप्रिया : स्पेशल सुद्धा?

दत्तराव : स्पेशल सुद्धा. लिही. खाली माझं नाव घाल.

संघप्रिया : घातलं. वाचून दाखवू एकदा?

दत्तराव : नको. ऐकलं की खोडीन. टाक.

संघप्रिया : टाकलं.

दत्तराव : म्हणजे गेलं? लोकांना दिसायला लागलं?

संघप्रिया : हाव. शिवकन्याला बी दिसंल.

दत्तराव : परत घेता येतं का ते?

संघप्रिया : येतं की. घेऊ?

दत्तराव : नको. राहू दे.