मॅरिटची काडतुसं

नाही रे कोल्बी, काडतुसाला कुठलीही टिकली चालते असं तुला कोणी सांगितलं? गावातल्या दुकानदाराने? चालते म्हणे! हरणाच्या साध्या रायफलीला चालते, तुझ्या बापाच्या या दांडग्या मॅग्नमला नाही. बस जरा. काडतुसांची पेटी खिशात टाकलीस ना? मग घाई कसली — तुझी मॅरिट वर नोरीनपाशी आहे, आणि खाऊ घातल्याशिवाय नोरीन तिला सोडायची नाही. हे बघ. पुंगळी केवढी लांब — दारू गळ्यापर्यंत भरलेली, तीही सावकाश पेटणारी. आणि बुडाशी ही टिकली, करंगळीच्या नखापेक्षा लहान. तिच्या ठिणगीने एवढी सगळी दारू एकदम पेटायला हवी. उन्हाळ्यात साधी टिकलीही पेटवेल, नाही कुठे म्हणतो मी? पण पहाटे वर खिंडीत, श्वास मिशीवर गोठतो तेव्हा? तुझ्या पोरीसमोर घोड्याएवढं एल्क हरीण उभं, तिने चाप ओढला — टक्. बस. काहीच नाही. नवखा माणूस काय करतो? रायफलीचा बोल्ट मागे ओढून उघडतो. आत दारू धुमसत असते, आणि ती उडते — तोंडासमोर उडते. म्हणून मॅग्नम टिकली, जास्त जाळाची. आणि ती घातली की दारूचं माप पुन्हा कमीपासून सुरू करून हळूहळू चढवत आणायचं, नाहीतर दाब वाढतो. नुसती टिकली बदलून भागत नाही. हे कोणी सांगत नाही दुकानात.

दमलो रे. खरंच दमलो यंदा. शिकारीचा हंगाम जवळ आला की सगळं खोरं जिना उतरून या तळघरात येतं, कॉफीच्या डब्यात रिकाम्या पुंगळ्या घेऊन. दुसऱ्याने भरलेलं काडतूस कोणी आपल्या रायफलीत घालत नाही — सख्ख्या भावाचंही घालत नाहीत. माझं घालतात. तुझा बाप आर्ने तर डोळे झाकून घालायचा. म्हणून नाही म्हणता येत नाही. नोरीन म्हणते, व्हर्लिन, पुरे कर आता. दोन महिने झाले, बायकोचा एकच धोशा. परवा टपाल आणायला निघालो आणि पार मिसूला शहराच्या रस्त्याला लागलो, ते धरून बसलीय. लागतो माणूस, विचारात असला की. तू नाही कधी चुकलास रस्ता? — बरं, तू नसशील चुकला. हात दुखतात एवढंच, डोकं ठीक आहे माझं. माझी शिस्त बघ ना, टेबलावर एका वेळी एकच डबी. साधी असो की मॅग्नम, एकच. दुसरी समोरच्या कपाटात. कारण पुंगळीत बसली की दोन्ही टिकल्या दिसायला जुळ्या बहिणी — देवालाही ओळखू यायच्या नाहीत. मग भरवसा कशाचा? शिस्तीचाच.

काय बघतोस तिकडे कपाटात? ती मॅग्नमची डबी. हो, मॅरिटची काडतुसं त्यातूनच भरली. नोरीनने आणली ती, चार गावं फिरून, यंदा मिळतायत कुठे? — काय? सील? कसलं सील? आण इकडे. चष्मा... हा, डोक्यावरच आहे.

तसंच आहे रे. कागद फाटलेलासुद्धा नाही.

दुसरी डबी असेल म्हणतोस. असेल की... नाही. एकच आणली होती तिने, एकच मिळाली. मग टेबलावर ही उघडी पडलीय ती कोणती? वाच तू. मोठ्याने वाच. — हो. साधी. साधीच आहे.

नको, तुला काय वाटतं ते नको सांगूस. मी सांगतो मला काय आठवतं. टेबलाशी बसलो ते आठवतं. रेडिओवर हवामान लागलं होतं, बर्फ पडणार म्हणत होते. दारू तोलली ते आठवतं. टिकली... टिकली हातात घेतलेली आठवत नाही मला.

ती पेटी दे. नाही, दे इकडे. एखादं उडवून बघू म्हणतोस — अरे, इथे खाली उडेलच ते! उबेत उडतंच. कळायचं ते वर खिंडीतच कळणार, आणि तिथे डोळा कोणाचा असणार रायफलीला? पोरीचा. दे. असा बघू नकोस रे माझ्याकडे, मी काही मेलो नाही. गावातून कारखान्याची पेटी घे, चांगली असतात ती. मॅरिटला काय सांगायचं? खरं ते सांग. व्हर्लिनआजोबांनी चुकीची टिकली घातली म्हणून सांग. टिकल्या संपल्या, मशीन बिघडलं असलं काही रचू नकोस — शहाणी आहे ती, आणि पुढे कधी स्वतः भरायला बसली तर तिच्या लक्षात राहील. आणि हे बघ, जिन्याखाली डबे आहेत ना लोकांचे, नावं लिहिलेले — ते ट्रकमध्ये घाल, ज्याचे त्याला पोचव. का म्हणून विचारतील. सांग, व्हर्लिनने थांबवलं. एवढंच. थांब — पीडरसन! पीडरसन कालच घेऊन गेला रे त्याची. त्याला फोन कर. घरी जाऊन नाही, आत्ता, ट्रकमध्ये बसल्या बसल्या. काडतुसं तशीच परत आण म्हणावं, एकही उडवू नको. हसला तर हसू दे.

तो हातोडा दे जाता जाता. तो नव्हे, प्लॅस्टिकचा, पोकळ डोक्याचा. यात काडतूस अडकवून आपटलं की गोळी सुटून येते. सगळी मोकळी करतो आता. आपटल्याचा आवाज वर स्वयंपाकघरात जातो. दोन-तीनदा आपटलं की नोरीन खाली येईल, काय झालं म्हणून. पुरे केलं, हे तिला माझ्याच तोंडून ऐकायचंय, आणि तुझ्यासमोर मला बोलता यायचं नाही.

जा, कोल्बी. पोरीला घेऊन जा. जा ना रे.